पाठभेद आणि त्रुटिसंदेश

संगणकाने दाखवलेला त्रुटिसंदेश वाचणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम नव्हे, असा समज आहे. आम्हांला तो मान्य नाही.

माहितीच्या कूटलेखनासाठी असंख्य आज्ञावल्या ओपनएसएसएल या लायब्ररीचा आधार घेतात. तिच्या ऑगस्ट २०१६ च्या १.१.० या आवृत्तीत अनेक अंतर्गत रचना बाहेरच्या आज्ञावल्यांपासून झाकल्या गेल्या. जुन्या आवृत्तीला धरून लिहिलेली आज्ञावली नव्या आवृत्तीसह कंपाइल करू जाता त्रुटींची रांग लागू लागली. आज्ञावली तीच होती. तिने गृहीत धरलेला संदर्भ बदलला होता. अशा वेळी पहिली त्रुटी नीट वाचावी. पुढच्या पुष्कळशा तिच्यातूनच उद्भवलेल्या असतात.

मात्र त्रुटी समजून घेणे निराळे आणि ती दिसेनाशी करणे निराळे. डेबियन या लिनक्स-प्रणालीत २००६ साली काय घडले ते पाहावे. स्मृतीचा वापर तपासणारे साधन ओपनएसएसएलविषयी इशारे देत होते. त्यांचे मूळ एकाच ओळीत होते आणि ती दोन ठिकाणी आली होती. दोन्ही ठिकाणी ती निष्क्रिय करण्यात आली, इशारे थांबले. पण एका ठिकाणी ती ओळ अनावश्यक होती, तर दुसऱ्या ठिकाणी गुप्त किल्ल्यांना लागणारी यादृच्छिकता तिच्यामार्फतच येत होती. परिणामी, एका जातीच्या संगणकावर ठरावीक प्रकारच्या व लांबीच्या किल्लीचे जेमतेम ३२,७६८ पर्याय उरले. एवढे पर्याय संगणक सहज तपासून पाहतो. मे २००८ मध्ये हे उघड झाले आणि दोन वर्षांतल्या किल्ल्या रद्द करून नव्या घडवाव्या लागल्या. मधल्या काळात सारे बिनतक्रार कंपाइल होत होते!

शब्द तेच, पण स्थान बदलताच कार्य बदलते, हे आमच्या वर्गात रोज सांगितले जाते. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावले. अर्थ लागत नाही म्हणून ओळ गाळणारा संपादकही तितकाच दोषी असतो. इशारे फार येतात, त्यांतले काही निरर्थक असतात, हे खरे. पण निरर्थक कोणता हे वाचल्यावाचून ठरत नाही. म्हणूनच पाठचिकित्सा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही शिकवली जावी, असे आम्हांला वाटते.