‘इम्युनिटी’ वाढवून अ‍ॅलर्जी जात नाही
शिंका थांबेनात, अंगावर गांधी उठल्या, की घरोघरी एकच निदान होतं: प्रतिकारशक्ती कमी झालीय. लगेच काढे आणि ‘इम्युनिटी बूस्टर’ सुरू. हे निदानच उफराटं आहे. टी पेशींनी इंटरल्युकिन-४ सोडून इशारा दिला की बी पेशी निरुपद्रवी प्रथिनाविरुद्धही ‘आयजीई’ ही अँटिबॉडी बनवतात. रक्तात ती जेमतेम दोन-तीन दिवस टिकते, पण मास्ट पेशींवर चिकटून आठवडेच्या आठवडे बसते. तेच प्रथिन पुन्हा आलं आणि त्यानं शेजारशेजारच्या दोन आयजीई सांधल्या, की काही मिनिटांत शिंका नि गांधी आणणारं हिस्टामिन सुटतं. यात दुबळेपणा कुठे आहे? हा उतावळेपणा झाला, आणि त्याला वेसण घालणाऱ्या नियामक टी पेशी शरीरातच असतात. त्यांच्या शोधासाठी २०२५ चं वैद्यकातलं नोबेल दिलं गेलं. फॉक्स-पी-३ जनुकातल्या दोषामुळे ज्या बाळांत या पेशी निकामी असतात, त्यांच्यात आयजीई भरमसाट वाढते, इसब येतो, अन्नाची अ‍ॅलर्जीही दिसते.

‘मग तो पदार्थच टाळावा,’ असं कुणी म्हणेल. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी २००० साली जोखमीच्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका, असंच सांगितलं होतं; २००८ मध्ये पुराव्याअभावी तो सल्ला मागे पडला. पुढे लंडनच्या ‘लीप’ अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली. पाचव्या वर्षी शेंगदाणा टाळणाऱ्यांपैकी १७.२ टक्के मुलांना त्याची अ‍ॅलर्जी होती, नियमित खाणाऱ्यांपैकी फक्त ३.२ टक्क्यांना. खाणाऱ्यांच्या रक्तात ‘आयजीजी-४’ ही सौम्य अँटिबॉडी ठळकपणे वाढलेली होती. म्हणजे आतड्यावाटे लवकर झालेल्या ओळखीनं शरीर सहन करायला शिकतं.

यावर रास्त आक्षेप असा, की हे ऐकून कुणी अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला घरीच दाणे चारेल. तसं मुळीच करू नये. त्वचाचाचणीत मोठी गांधी उठलेली बाळं या अभ्यासातूनही वगळली होती. शिवाय तान्ह्याच्या घशात अख्खा दाणा अडकतो, त्याला कूट पातळ करूनच द्यावं लागतं. ‘काढ्यानं बरं वाटलं’ हाही दाखला कच्चा आहे, कारण परागकणांचा हंगाम सरला की शिंका तशाही थांबतात. सहनशीलता शिकवणारा उपचार हवाच असेल, तर वाढत्या मात्रेनं तेच प्रथिन टोचण्याची पद्धत लंडनमध्ये १९११ पासून वापरात आहे. तो तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, वर्षानुवर्षं चालतो. बाटलीवरच्या जाहिरातीत बसेल इतका झटपट नाही.