कादंबरीविना एक वर्ष

गेले वर्षभर मी एकही कादंबरी वाचली नाही. ज्याने उभी हयात बँकेच्या नोकरीतून वेळ चोरून कादंबऱ्या लिहिल्या, त्याने हा उपास का धरावा, असे घरातल्यांपासून प्रकाशकापर्यंत सर्वांनी विचारून झाले. कारण तसे साधे आहे. आमच्या कोल्हापूरकडे इतिहासाचे शिक्षण शाळेपेक्षा कादंबरीनेच अधिक दिले. 'स्वामी' १९६२ सालची, 'मृत्युंजय' १९६७ सालची. दोघेही लेखक याच जिल्ह्यातले, एक कोवाडचा, दुसरा आजऱ्याचा. माधवराव पेशव्यांचे रमाबाईंशी झालेले बोलणे लेखकाने रचले आहे, एवढे म्हटले तरी भली माणसे आजही दुखावतात. माझ्यातला कादंबरीकार त्याने सुखावतो. माझ्यातला निवृत्त अधिकारी मात्र विचारतो, व्हाउचर नसताना ही नोंद झालीच कशी? तेव्हा ठरवले, एक वर्ष व्हाउचर असलेलीच पुस्तके वाचायची.

पुस्तकांना तोटा नव्हता. ज्या गावात करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालापासून उभे आहे, त्या गावातल्या माणसाने पुस्तक मिळत नाही म्हणू नये. फक्त ग्रंथालयांतून या पुस्तकांच्या कपाटावर जी पाटी असते, 'ललितेतर', ती काही मला पटत नाही. दुधाला 'ताकेतर' म्हणावे तसा हा प्रकार. शिवाय त्या कपाटातली दर्शनी जागा हल्ली श्रीमंत कसे व्हावे हे शिकवणाऱ्या अनुवादित पुस्तकांनी बळकावली आहे. त्यांतली दोन वाचली. तिसरे उघडले नाही. कर्जदाराच्या अर्जात 'अपेक्षित उत्पन्न' या रकान्यात जे लिहिलेले असते, त्याच जातीचे ते लिखाण.

सुरुवात गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'ने केली. झाशीच्या वेढ्याचे प्रत्यक्षदर्शी वर्णन म्हणून आपण ते वाचतो, आणि ते तसे आहेच. मला मात्र या खेपेला वेगळेच दिसले. वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली उत्तरेत गेला तो पराक्रम पाहायला नव्हे. घरावर कर्ज होते आणि मोठ्या यज्ञात दक्षिणा मिळेल अशी आशा होती. वाटेत बंड पेटले, मिळालेले लुटले गेले, आणि गडी अखेर गंगेची कावड घेऊन घरी आला. पुस्तक छापून निघाले १९०७ साली, भटजींच्या पश्चात. मी कर्जखात्यात उमेदीची वर्षे घालवलेला माणूस; त्यामुळे असेल, पण त्यानंतर जे पुस्तक हाती घ्यावे त्यात कर्जच दिसू लागले.

दख्खनच्या दंग्यांवरचे वाचन त्यातूनच सुरू झाले आणि त्यात दोन महिने गेले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, बाजाराच्या ठिकाणी, आसपासचे कुणबी जमले आणि त्यांनी सावकारांची दुकाने गाठली. मागितले काय, तर खतावण्या आणि कर्जरोखे. ते मिळाले की त्यांची होळी केली. लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेले. त्याआधी अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली होती, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून आमच्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळला, त्यात सरकारने सारा वाढवला, आणि सावकाराने हात आखडला.

इथपर्यंत कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. मी अडलो तो मुदतीच्या कायद्यापाशी. १८५९ साली सरकारने ठरवले की कर्जरोखा तीनच वर्षे ग्राह्य धरायचा. हेतू चांगला, व्याज साठत जाऊ नये. सावकाराने काय करावे? तीन वर्षे भरत आली की नवा रोखा लिहून घ्यायचा, आणि थकलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून धरायचे. ज्या कायद्याने कुळाला वाचवायचे, त्यानेच दर तीन वर्षांनी त्याचा फास आवळला.

बँकेत काम केलेल्या कोणाही वाचकाच्या अंगावर हे वाचून काटा येईल. कारण तीन वर्षांची मुदत आजही आहे, आणि ती उलटण्याआधी कर्जदाराची कर्जकबुलीवर सही घेणे हे आमचे नित्याचे काम असे. १९८०च्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास योजनेतून म्हशी वाटल्या गेल्या. त्यांतल्या कित्येक सहीच्या वेळेपर्यंत दावणीला उरलेल्या नसत. म्हातारी मालकीण अंगठा उठवायची आणि विचारायची, "साहेब, हे मागल्या बारीचंच हाय न्हवं?" मी म्हणायचो, हो आजी, तेच. ते खरेच होते, आमच्या कागदात व्याज असे लपवलेले नसे. पण तिच्या प्रश्नात शंभर वर्षांचा अनुभव बोलत होता, हे मला सुप्याविषयी वाचताना कळले. १८७९च्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली. कागदावर सही आहे म्हणून व्यवहार खरा, असे मानायचे नाही, हे एका परक्या सरकारला दंगे झाल्यावर समजले.

गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' यानंतर वाचले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारा वारली हा त्यातला लग्नगडी. तिथे तर रोखा जाळण्याचीही सोय नाही, माणूसच रोखा. या पुस्तकाबद्दल अधिक लिहीत नाही, ज्यांच्या घरी नसेल त्यांनी मिळवावे.

वर्षातला सर्वांत चांगला योग मात्र न ठरवता जुळला. त्रिं. ना. आत्रे यांचा १९१५चा 'गावगाडा' संपवला आणि लगोलग दया पवारांचे 'बलुतं' घेतले. आत्रे महसूल खात्यातले, नजर तीक्ष्ण, आणि भाषा अशी की हेवा वाटावा. कोणत्या बलुतेदाराची ओळ कोणती, कोणाचा वाटा किती, सगळे नोंदलेले. फिरस्त्यांविषयी मात्र त्यांची लेखणी कठोर होते. गावाला भार, एवढाच त्यांचा हिशेब. ते आज वाचवत नाही. आणि मग १९७८चे 'बलुतं'. शब्द तोच, पण आता तो मागायला गेलेल्या हाताच्या बाजूने. आत्र्यांच्या तक्त्यात जो वाटा आकडा होता, तो इथे आईच्या डोक्यावरचे ओझे होतो. एकच खाते दोन वह्यांत पाहिल्यासारखे वाटले, आणि शिल्लक काही केल्या जुळेना. दोन्ही लेखक खोटे बोलत नाहीत, हीच त्यातली अडचण. कादंबरीत मी असे दोन निवेदक उभे केले असते तर समीक्षकांनी 'रचना कृत्रिम' म्हटले असते.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घरात मोठ्याने वाचली, रोज रात्री जेवणानंतर थोडी थोडी. आमच्या सौभाग्यवती ऐकता ऐकता हसून हसून बेजार, आणि टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले तिथे एकदम गप्प. कधी शाळेची पायरी न चढलेल्या बाईने नवऱ्याचा विक्षिप्तपणा, प्रेम आणि ताटातूट, सगळे एकाच सुरात सांगितले आहे. नातू सातवीत आहे. त्याने मध्येच विचारले, "आजोबा, हे खरंच झालं होतं?" हो म्हटल्यावर तो मोबाइल ठेवून जवळ सरकून बसला. माझ्या कादंबऱ्यांच्या वाट्याला हे भाग्य अजून आलेले नाही.

उपास आता सुटला आहे. टेबलावर एक अर्धवट कादंबरी वर्षभर वाट पाहते आहे. तिच्यात एक सावकार आहे आणि तो फार सहज दुष्ट झाला आहे. त्याची वही मी अजून उघडून पाहिलेली नाही. सध्या त्याच्या वहीत सुप्याच्या बाजाराचा दिवस, कापसाचा भाव आणि त्याच्या स्वतःच्या डोक्यावरचे देणे लिहितो आहे.