अनोळखी सोबतीची पत

गेल्या श्रावणातील एक रविवार. दुपारी चारच्या सुमारास अकोल्याहून थोरल्या बहिणीचा फोन आला. तिची २२ वर्षांची कन्या पहाटेच नरनाळा किल्ल्यावर पदभ्रमणासाठी गेली होती. ओळखीची सोबत एका मैत्रिणीचीच. उरलेले तीसेक जण मोबाइलवरच्या एका गटातून एकत्र आलेले. दुपारी एकनंतर मुलीचा फोन लागत नव्हता. मी विचारले, ‘‘ताई, घेऊन जाणाऱ्याचे नाव काय? गाडीचा क्रमांक?’’ ताईजवळ यांपैकी काहीच नव्हते. गटाला एक सुंदरसे नाव होते आणि त्यावर डोंगराचे चित्र होते, एवढेच तिला ठाऊक होते.

मुलगी रात्री आठला सुखरूप घरी आली. किल्ला उतरताना मैत्रिणीचा पाय मुरगळला म्हणून दोघी मागे राहिल्या; पुढे गेलेल्यांनी माणसे मोजलीच नाहीत आणि गाडी निघून गेली. पायथ्याच्या शहानूर गावातील एका वृद्ध ग्रामस्थांनी त्यांना अंधार पडण्याआधी गावात आणले, म्हणून निभावले. त्या रात्री भाऊजी बराच वेळ गप्प बसून होते. शेवटी म्हणाले, ‘‘नव्या गिऱ्हाइकाला दहा पोती तूरडाळ उधार द्यायची, तर मी तीन ठिकाणी त्याची पत विचारतो. पोरगी पाठवताना एकाही ठिकाणी विचारले नाही.’’

भाऊजींच्या या वाक्याने मला अस्वस्थ केले, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

प्रथमच सांगतो, मुलांना घरात कोंडावे असे मला मुळीच सुचवायचे नाही. दिवसभर गादीवर किंवा संगणकापुढे बसणाऱ्या आपल्या घरांतील तरुणांना डोंगर हवाच. चिखलदऱ्याचे धुके, गाविलगडाचे बुरूज, नरनाळ्याचा महाकाली दरवाजा हे सारे पायी चालूनच पाहावे. आणि समूहाने पायी जाणे आपल्याला नवे तरी कोठे आहे? परतवाड्याजवळच्या मुक्तागिरीच्या ५२ मंदिरांचे दर्शन घेण्यासाठी आपले वाडवडील संघ काढून जात. त्या संघात नावांची यादी असे, जबाबदारी घेणारा संघपती असे आणि वृद्धांना सांभाळत सर्वांच्या मागे चालणाराही कोणी असे. आजच्या मोबाइलवरील गटात उत्साह तोच आहे. यादी, संघपती आणि मागे चालणारा मात्र बहुधा नसतो.

त्यांच्या अभावी काय घडू शकते, याचे दारुण उदाहरण तमिळनाडूत आहे. ११ मार्च २०१८ रोजी थेनी जिल्ह्यातील कुरंगणीच्या डोंगरात वणव्याने पदभ्रमणास गेलेल्या मंडळींना गाठले. त्यांत तरुण स्त्रिया बऱ्याच होत्या, आणि शहरांतून एकत्र आलेल्या अनेकांना त्या डोंगराची ओळख नव्हती. वीसहून अधिक जीव गेले. त्यानंतर त्याच वर्षी तेथील सरकारने वनक्षेत्रातील पदभ्रमणासाठी स्वतंत्र नियम केले. आपल्या राज्यानेही ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यानुसार अशा सहली नेणाऱ्या संस्थांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावयाची आहे. म्हणून आयोजकास पहिला प्रश्न हाच विचारावा, ‘‘आपली नोंदणी आहे का?’’

दुसरा प्रश्न परवानगीचा. आपल्याकडचे बहुतेक डोंगर म्हणजे मेळघाटचे वन. १९७३ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प ठरले, त्यांत मेळघाट होता, आणि नरनाळाही अभयारण्यातच येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीवाचून प्रवेश करता येत नाही. ‘‘मागच्या वाटेने जाऊ, कोणी पाहत नाही’’ असे म्हणणारा आयोजक कितीही गोड बोलला, तरी त्याच्याबरोबर जाऊ नये. जो कायदा चुकवतो, तो अडचणीच्या वेळी मदत मागण्यासही कचरतो.

तिसरा प्रश्न माणसाचा. आयोजकाशी केवळ संदेशांवर न बोलता प्रत्यक्ष फोनवर बोलावे. मागील दोन सहलींना गेलेल्या किमान दोन व्यक्तींशी, त्यांत एखाद्या भगिनीशी, संपर्क साधावा. गटात किती जण आहेत, पुढे कोण चालणार, सर्वांच्या मागे कोण राहणार, प्रथमोपचाराची पेटी कोणाजवळ, स्थानिक वाटाड्या आहे की नाही, हे विचारावे. कापसाच्या गाठी ट्रकवर चढताना आणि उतरताना आपण मोजतो. माणसे तर प्रत्येक थांब्यावर मोजली पाहिजेत. नीट आयोजकास अशा प्रश्नांचा राग येत नाही. ज्यास येतो, त्याने आपले उत्तर दिलेच.

पैशाचा व्यवहार आपल्या वाचकांना शिकवावयास नको. तरीही आगाऊ रक्कम कोणाच्या नावे जाते ते पाहावे, पावती घ्यावी, सहल रद्द झाल्यास काय परत मिळेल ते लेखी मागावे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

आता ऋतूचे. चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवतात, कारण त्या काळात पावलाखाली जीव अधिक असतात. आपली तरुण मंडळी मात्र नेमकी त्याच महिन्यांत डोंगर धरतात, कारण वऱ्हाडात हिरवाई आणि धबधबे तेव्हाच. पण तेव्हाच सातपुड्याचा काळा पाषाण शेवाळाने निसरडा होतो, आणि वर कोठेतरी पडलेला पाऊस खाली कोरड्या दिसणाऱ्या ओढ्यात अचानक लोंढा आणतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण असेच वाहून गेले. म्हणून पावसाळ्यात वाहत्या पाण्यात पाऊल टाकावयाचे नाही आणि कड्याच्या टोकावर छायाचित्र काढावयाचे नाही, हे घरूनच ठरवून निघावे. वाट बंद आहे की उघडी, याची चौकशी वनविभागाकडे आदल्या दिवशी करावी. माघारी फिरण्याची वेळही आधीच ठरावी आणि शिखर कितीही जवळ दिसले तरी ती पाळावी. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम ज्या घरांत आहे, त्यांना हे बंधन जड वाटू नये.

जाणाऱ्याचेही काही कर्तव्य आहे. दमा, मधुमेह, हृदयाचा त्रास असल्यास तो लपवू नये. औषध जवळ ठेवावे आणि सोबत्याला दाखवून ठेवावे. न सांगता गट सोडू नये. दुसऱ्याचे छायाचित्र विचारल्याशिवाय कोठेही टाकू नये. वानरांना खाऊ घालू नये, आग पेटवू नये, पिशवीतला कचरा पिशवीतूनच परत आणावा. पहिल्या सहलीस एकट्याने न जाता ओळखीची निदान एक व्यक्ती सोबत घ्यावी, आणि गाडीत बसण्याचे ठिकाण वर्दळीचे असावे. ११२ हा तातडीचा आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक पाठ असावा; मात्र मेळघाटात पुष्कळ ठिकाणी फोन लागतच नाही, हे गृहीत धरून चालावे.

शेवटची गोष्ट आई-वडिलांसाठी, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. माझ्या भाचीने नंतर एकदा सांगितले, ‘‘मामा, पाय मुरगळला तेव्हा घडीभर फोन लागत होता. पण बाबा रागावतील म्हणून मी केला नाही.’’ हे ऐकून भाऊजींचा चेहरा उतरला. ज्या घरात चूक कबूल करताच बोलणी बसतात, त्या घरातील मूल संकट लपवते आणि लपवलेले संकट वाढते. म्हणून निघतानाच मुलांना सांगावे, ‘‘काहीही झाले, कोणाचीही चूक असली, तरी आधी फोन कर. बाकीचे घरी आल्यावर पाहू.’’ आणि घरी आल्यावर हा शब्द पाळावा.

पौषात ती पुन्हा निघाली, या वेळी गाविलगडला. निघण्यापूर्वी तिने भाऊजींच्या टेबलावर एक कागद ठेवला: आयोजकाचे नाव व पत्ता, मागे चालणाऱ्याचे नाव, गाडीचा क्रमांक, पूर्वी जाऊन आलेल्या दोघींचे फोन. भाऊजींनी त्यांपैकी एकीला फोन करून पत विचारली आणि कागद रोजमेळाच्या वहीत ठेवला. शेवटच्या ओळीत लिहिले होते, ‘परत येण्याची वेळ रात्री आठ.’

ती पावणेआठला आली.