तंबूला तंबूच राहू द्या

दिवाळी संपून गारवा पडू लागला, की पुण्या-मुंबईच्या घराघरांतून सहलींचे बेत शिजू लागतात. त्यांत हल्ली तंबूतल्या मुक्कामाची भर पडली आहे. मावळात पवना धरणाचा जलाशय आहे. तुंग, तिकोना, लोहगड हे त्याचे शेजारी. काठावर ज्यांची थोडीफार जमीन उरली, त्यांतली कितीतरी कुटुंबे भाताची कापणी झाली की रिकाम्या खाचरात तंबू ठोकतात. रात्रीचे पिठले-भाकरी आणि सकाळचे पोहे घरच्याच स्वयंपाकघरातून येतात.

या व्यवस्थेतले शहाणपण पाहुण्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. तंबूला पाया लागत नाही. मे अखेर खुंट्या उपटल्या, कापड गुंडाळून माळ्यावर टाकले, की त्याच खाचरात इंद्रायणीची लावणी करता येते. जमीन शेतीच राहते. पण पाहुणा आल्या आल्या विचारतो, गरम पाण्याचा नळ कुठे आहे? फरशीचे न्हाणीघर का नाही? गाण्यांची काय सोय? एकाने दिले की शेजाऱ्यालाही द्यावे लागते. मग कर्ज येते, पक्क्या खोल्या येतात. माझे आयुष्य बँकेत गेले. भाताच्या खाचरावर एकदा काँक्रीट पडले की ते पुन्हा खाचर झालेले मी पाहिलेले नाही, आणि हप्ता काही पावसाळा बघून थांबत नाही. त्यापुढची पायरी विक्रीची. (सातबाऱ्यावर चार भावांची नावे असली, तर ती जरा लवकरच येते.)

आणि ते पाणी म्हणजे नुसता देखावा नव्हे. १९७२ मध्ये धरण पूर्ण झाले, त्यात लोकांची शेते बुडाली. वाघेश्वराचे जुने दगडी देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरले की अजूनही वर येते. हे पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना जाते. ते बंद जलवाहिनीतून नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलन झाले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. त्याच काठावर मध्यरात्री कर्णे लावून नाचायचे, हे कायद्यात तर बसत नाहीच, माणुसकीतही बसत नाही.

तेव्हा मुलांना घेऊन जरूर जा, पण सामान आणि अपेक्षा दोन्ही कमी न्या. एक कंदील, एक बॅटरी, जाड सतरंजी, पांघरुणे, पुष्कळ झाले. तंबू जरा उंचवट्यावर घ्या आणि त्याची झडप थोडी उघडी ठेवा, नाहीतर आपल्याच श्वासाचे पाणी पहाटे अंगावर ठिबकते. कितीही थंडी वाजली तरी पेटती शेगडी आत नेऊ नका; कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्याला कळतही नाही. पाण्यात उतरू नका. काठचा गाळ फसवा असतो आणि पुढची खोली दिसत नाही. संडास नसेल तर पाण्यापासून दोनशे फूट दूर वीतभर खड्डा खणा आणि नंतर बुजवा. खरकटी भांडी जलाशयात विसळू नका.

पैसे मात्र घासाघीस न करता द्या. आणि बांधापलीकडे भातानंतरच्या ओलीवर मसूर पेरलेला असला, तर पोरांना त्यातून धावू देऊ नका. त्याचे पीक अजून हाती यायचे असते.