तारापूर आणि मोरारजींचा नकार

दातिवऱ्याहून किनाऱ्याने उत्तरेस गेले, की तारापूरचे अणुऊर्जा केंद्र लागते. मोरारजी देसाईंना परराष्ट्रनीतीत दुबळे ठरविणाऱ्यांनी त्या केंद्राचा इतिहास आठवावा. अण्वस्त्रांस मोरारजींचा विरोध होता आणि तो आम्हांस अमान्यच आहे. परंतु १९७८ मध्ये अमेरिकेने कायदा करून तारापूरच्या इंधनासाठी देशातील सर्वच अणुकेंद्रे तपासणीस खुली करण्याची अट घातली, तेव्हा १९६३ च्या कराराचा हवाला देऊन पंतप्रधान मोरारजींनी ती फेटाळली. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावरही त्यांनी स्वाक्षरी केली नाही. त्यांचे परराष्ट्रमंत्री होते अटलबिहारी वाजपेयी. पुढे १९९८ मध्ये अटलजींनी पोखरणचा निर्णय घेतला. तो घेण्याचे स्वातंत्र्य अशा नकारांनीच शाबूत राखले होते. मतभेद जरूर असावेत, कृतघ्नता नसावी.