नवरदेवाकडूनच आहेर

जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरविणाऱ्यांपुढे एक सनातन प्रश्न उभा राहतो, तो असा की, प्रवेशशुल्क घ्यावयाचे ते मोटार पाहावयास येणाऱ्याकडून, की मोटार घेऊन येणाऱ्याकडून? विलायतेत लंडन ते ब्रायटन अशी जी जुन्या गाड्यांची फेरी १८९६ सालच्या एका दौडीची आठवण म्हणून १९२७ साली सुरू झाली, तिच्यात १९०५ पूर्वीची गाडी घेऊन उतरणारा मालक फी भरून धावतो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहणारा बघ्या फुकट टाळ्या वाजवितो. अमेरिकेतील पेबल बीच येथे १९५० साली सुरू झालेल्या मोटारींच्या प्रदर्शनात याच्या उलट रीत आहे. तेथे गाड्या निवडून बोलावतात आणि प्रेक्षकाचा खिसा भरभक्कम तिकिटाने हलका करतात. आमच्याकडील संयोजक उदार असल्यामुळे त्यांना दोन्ही पद्धती एकाच वेळी आवडण्याचा संभव अधिक.

संयोजकांची बाजू अगदीच लंगडी आहे असे नव्हे. मैदानाचे भाडे, मांडव, जनरेटर, बंदोबस्त ही खर्चाची कलमे कोणाच्या तरी नावे टाकावी लागतातच. शिवाय ‘नक्की येतो’ म्हणणाऱ्या मालकाची गाडी ऐन सकाळी गॅरेजमध्येच रुसून बसते, हाही अनुभव असतो. परंतु ज्याने वर्षभर मिस्त्रीच्या मिनतवाऱ्या केल्या, सुट्या भागांसाठी भंगारबाजार पालथे घातले, आणि शेवटी ती उदगीर किंवा कंधारहून टेम्पोत चढवून आणली, त्याच्यापुढे मांडवाच्या दारात पावतीपुस्तक धरणे म्हणजे नवरदेवाकडूनच आहेर मागण्यासारखे आहे.

या व्यवहाराला सरकारने तर कायद्याचीच जोड दिली आहे. २०२१ सालच्या जुलै महिन्यात केंद्राने जे नियम जारी केले, त्यांअन्वये पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या आणि मूळ रूप न पालटलेल्या दुचाकी वा चारचाकी वाहनास ‘व्हीए’ अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, पुढील नोंदणीस पाच हजार. इतका नजराणा देऊन जी सनद हाती येते तिच्यात मुक्रर केलेले असते की, हे वाहन नित्याच्या अथवा धंद्याच्या कामासाठी रस्त्यावर आणावयाचे नाही. प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, दुरुस्ती एवढ्याच निमित्तांनी त्याने बाहेर पडावे. म्हणजे असा क्रमांक घेणाऱ्या मालकास सार्वजनिक रस्त्यावर हिंडावयाचे असेल तर प्रदर्शन हवे, आणि प्रदर्शनास फी हवी! पेट्रोल भरण्याच्या निमित्ताने पंपापर्यंत जाऊन यावे, एवढाच काय तो त्याला विनाशुल्क मोकळा वारा.

आमचा मुलूख ज्या निजामाच्या अमलाखाली होता, त्या घराण्यातील सहाव्या निजामाने मागविलेली रोल्स-रॉइस तो १९११ साली निवर्तल्यावर हैदराबादेत येऊन पोहोचली, फार थोडी चालली आणि आता चौमहल्ला राजवाड्यात उभी आहे. तेथे तिकीट पाहणाराच काढतो. गाडीकडून कोणी काही मागत नाही. संस्थाने गेली तरी ही अदब शिल्लक राहिली, हे नमूद केलेच पाहिजे.

पण इतक्या दूर जावयाचे कारणच काय? लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवे आणि लाल कंधारी वळू यांचे जे विराट प्रदर्शन भरते, तेथे पाहणारा तिकिटावाचून पाहतो आणि जनावर राखणारा बक्षिसाच्या आशेने छाती काढून उभा असतो. ज्याच्या दावणीमुळे यात्रेला शोभा आली त्याने शोभेचे भाडे भरावे, ही कल्पना तिथल्या कोणाही पशुपालकास समजावून सांगणे अवघड जाईल.

तेव्हा उद्या विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रांगणात असा मेळा भरविण्याचे कोणाच्या मनात आलेच, तर आमची सूचना एवढीच की, मालकाकडून अनामत घ्यावी आणि गाडी फाटकातून आत येताच ती चहासह परत करावी. ढकलत आणलेल्या गाडीस चहा दोनदा. बघ्याकडून दहा रुपये घेण्यास हरकत नाही. अडचण एकच राहते. चेतक स्कूटर बाजारात आली १९७२ साली, आणि तिच्या आरंभीच्या पिढीतील एखादीवर मंडळींना मागे बसवून एखादे गुरुजी प्रदर्शन पाहावयास येतील, साध्याच क्रमांकाची ती स्कूटर किंचित तिरकी करून किक मारण्याची त्यांची सवय पन्नास वर्षांची असेल, आणि वाहनतळाचा कंत्राटदार त्यांच्या हाती वीस रुपयांची पावती ठेवून गाडी कोपऱ्यात लावा म्हणून खुणावील.