विजेची गाडी आणि माळव्यातील खेडे

इंदूरच्या रस्त्यांवर विजेच्या गाड्या आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. हे पाहून नवे युग अवतरले असे मानणाऱ्यांस आमचा एकच प्रश्न आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे ज्या मध्यप्रदेशात शंभरांपैकी ७२ माणसे खेड्यांत राहतात, तेथे हे युग शहराच्या वेशीपाशीच थांबणार काय?

खेडुताला विजेची गाडी नको आहे, हा समज खरा नव्हे. विजेची दुचाकी घरच्या साध्या प्लगावर चार्ज होते आणि तीन-चार युनिटांत ऐंशीएक किलोमीटर धावते. पेट्रोलला लिटरमागे शंभराहून अधिक रुपये मोजणाऱ्या दूधवाल्याला किंवा शाळामास्तरांना हा हिशेब कोणी शिकवावयास नको. त्यांची अडचण निराळी आहे. गावठाणाला चोवीस तास आणि शेतीला दहा तास वीज, असे धोरण राज्याने २०१३ साली अटल ज्योती योजनेत स्वीकारले. परंतु ज्याचे बिऱ्हाडच शेतावर आहे, त्याने गाडी केव्हा चार्ज करावी? शिवाय पेट्रोलची फटफटी गावचा मिस्त्री झाडाखाली बसून दुरुस्त करतो. विजेच्या गाडीचा कंट्रोलर बिघडला, तर ती टेम्पोत घालून जिल्ह्याच्या गावी न्यावी लागते, आणि तेवढ्यात दोन दिवसांची मजुरी बुडते.

सरकारी योजनांची दृष्टी मात्र शहरावरच खिळलेली दिसते. २०२३ साली मंजूर झालेल्या पीएम ई-बस सेवेतील दहा हजार गाड्या शहरांसाठीच आहेत. इकडे आपल्या राज्याचे परिवहन महामंडळ २००५ साली बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हापासून खेड्याचा प्रवास खासगी बसवाल्यांच्या मर्जीवर चालला आहे. २०२५ साली शासनाने पुन्हा सार्वजनिक बससेवा उभारण्याचे ठरविले, हे योग्यच झाले. तहसिलीपासून जिल्ह्यापर्यंतचा पन्नास-साठ किलोमीटरचा ठरलेला मार्ग आणि रात्रीचा ठरलेला मुक्काम, याहून विजेच्या बसला सोयीचे काय असणार? तिचा पहिला मान या मार्गांना मिळावा, आणि प्रत्येक तहसिलीच्या ठिकाणी दोन-चार तरुणांना या गाड्यांच्या दुरुस्तीचे शिक्षण मिळावे, असे आमचे मत आहे.

यात अशक्य काही नाही. १८७० साली दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारास एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. तो मार्ग राजधानीसाठी हवा होता खरा, परंतु वाटेवरच्या सनावद-बडवाहसारख्या गावांतही गाडी थांबू लागली आणि निमाडला इंदूरची बाजारपेठ जवळ आली. राजधानीच्या सोयीत खेड्याचा वाटा असा असावा लागतो.

आपल्यापैकी पुष्कळ घराणी या प्रांतात पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. आपले वाडे माळव्यातील गावांच्या महसुलावर उभे राहिले, हे विसरून चालणार नाही. आज आपण दारात विजेची मोटार आणून उभी करतो आणि हवा स्वच्छ ठेवल्याचे समाधान मानतो. ते समाधान खोटे नाही, पण अपुरे आहे. त्याच गावांतील मुलगी विजेच्या बसने तालुक्याच्या कॉलेजात वेळेवर जाऊ-येऊ लागेल, त्या दिवशी ही गाडी खऱ्या अर्थाने आपल्या राज्यात आली असे म्हणता येईल.